देवघरातल्या डबीतलं नाणं

आत्याचा फोन म्हणजे आधी तब्येत, मग पाऊस, मग मुद्दा. यावेळी मुद्दाच आधी आला. "अरे, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं सापडलंय. लाखो रुपये देतात म्हणे त्याचे!"

कुणी देत नाही. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली निघालेलं हे नाणं सरळ चिल्लरीत आलं. पण भाविक ते खर्च करेनात, म्हणून गल्ल्यात दिसेना. घरोघरच्या डब्यांत पडून असलेल्या वस्तूला दुर्मीळ कसं म्हणायचं? लाखाची बोली लावणारे आधी 'शुल्क' नाहीतर 'कर' मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे उकळले जातात, अशी ताकीद खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये दिली होती. गेंड्याच्या चार आण्याचीही तीच कथा. ते चांदीचं नाही, स्टीलचं आहे. आणि ३० जून २०११ नंतर ते चलनातही नाही.

मग पाहायचं काय? सालाच्या खाली. तिथे बारीकशी चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालचं, एकाच छापाचं नाणं एका टांकसाळीतून ढिगानं निघतं, दुसरीतून मोजकं. किंमत ठरते ती इथे. नोएडाची टांकसाळ १९८८ साली सुरू झाली. त्यानंतरच्या एखाद्या सालचा रुपया चारही टांकसाळींचा जमवून बघा. खर्च चार रुपये आणि दुकानदारांची थोडी नाराजी.

कधीकधी या चौघांशिवाय पाचवंच चिन्ह दिसतं. सुट्ट्यांची टंचाई झाली की सरकार बाहेरच्या देशांतूनही नाणी पाडून आणत असे. १९९९ आणि २००० सालच्या काही पाच रुपयांवर मॉस्कोच्या टांकसाळीची रशियन अक्षरं आहेत.

चुकीचा छाप हा वेगळा नाद. आपल्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेनं सरळ असतात. नाणं वरखाली चिमटीत धरून गर्रकन फिरवा. मागची बाजू तिरकी किंवा उलटी आली, तर ते वेगळं काढून ठेवा. छाप एका कडेला सरकून दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहिली असेल तर आणखी चांगलं. पण रुळावर ठेवून चपटं केलेलं किंवा दहाच्या नाण्याचा मधला गोल ठोकून काढलेलं, ही टांकसाळीची चूक नव्हे, आपले उद्योग. 'एरर' म्हणून विकायला येणाऱ्या मालात असले उद्योग मला फार दिसतात.

आणि घासायचं नाही! नाणं काळं पडलं तरी चालेल. घासल्यानं निघालेली चकाकी जाणकाराला लगेच कळते आणि भाव तिथेच पडतो.

"कालच चिंच लावून लखलखीत केलंय," आत्या म्हणाली.

रविवारी गेलो तेव्हा तिनं डबीच पुढ्यात उपडी केली. तळाशी १९८५ चा एक मळकट रुपया होता, सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. पैशांच्या हिशोबात फार नाही, पण इंग्लंडात पाडलेला आपला रुपया चाळीस वर्षं हळदीकुंकवात मुरत होता. मी तो खिडकीशी नेऊन बघत बसलो.

"त्याच्यावर देव नाहीये रे," आत्या म्हणाली, "ते घेऊन जा तू."