काळा हिरा घेताना आधी रंगाचं मूळ विचारा

मंगळसूत्रात काचेच्या काळ्या मण्यांऐवजी काळ्या हिऱ्यांचे मणी ओवून घेण्याची हौस आता सराफ बाजाराला नवी राहिलेली नाही. अंगठ्यांत, कुड्यांतही हा हिरा दिसू लागला आहे. मात्र पांढऱ्या हिऱ्याची पारख इथे उपयोगी पडत नाही. ती लावायला गेलेलं गिऱ्हाईक हमखास फसतं.

पांढऱ्या हिऱ्याचा भाव वजन, रंग, शुद्धता आणि पैलूंवर ठरतो. काळ्या हिऱ्यात शुद्धतेची प्रतवारीच होत नाही. नैसर्गिक काळ्या हिऱ्याच्या पोटात ग्राफाइट, मॅग्नेटाइट, हेमटाइट अशा खनिजांचे बारीक कण ठासून भरलेले असतात. त्यांनीच तो काळा होतो आणि उजेड आरपार जात नाही. नैसर्गिक काळ्या रंगाला जीआयए ही संस्था ‘फॅन्सी ब्लॅक’ अशी एकच श्रेणी देते, त्यात फिकं-गडद असे टप्पे नाहीत. तेव्हा कुणी पांढऱ्या हिऱ्याची शुद्धतेची श्रेणी लावून ‘व्हीव्हीएस काळा हिरा’ म्हणून जादा भाव सांगितला, तर तिथेच सावध व्हा. ‘एएए’ ही श्रेणीसुद्धा विक्रेत्यानेच दिलेली असते.

खरा फरक पडतो तो रंग कुठून आला यावर. बाजारातले बहुतेक काळे हिरे मुळात करडे, भेगाळलेले असतात. कमी दाबाखाली ते प्रचंड तापवले की भेगांमध्ये ग्राफाइट तयार होतं आणि हिरा काळा दिसतो. दुसरी रीत किरणोत्साराची. असा हिरा प्रत्यक्षात अतिगडद हिरवा असतो. पातळ कडेवर प्रखर झोत टाकला की ती हिरवी झाक पुष्कळदा उघडी पडते. हे हिरे खोटे नव्हेत, पण नैसर्गिक रंगाच्या हिऱ्यापेक्षा ते बरेच स्वस्त मिळायला हवेत. म्हणून प्रमाणपत्रावर नुसतं ‘नैसर्गिक हिरा’ वाचून थांबू नका. रंग नैसर्गिक की प्रक्रिया केलेला, ती ओळ शोधा.

काळ्या हिऱ्याच्या नावाखाली काळं मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडाही खपवला जातो. उष्णता तपासणाऱ्या साध्या यंत्राला ते हिराच वाटतं. विजेची चाचणी करावी, तर ग्राफाइटमुळे खऱ्या काळ्या हिऱ्यातूनही वीज वाहू शकते, आणि यंत्र त्यालाच मॉइसनाइट ठरवतं. सुट्या खड्याची घनता मात्र चुगली करते. हिऱ्याची सुमारे 3.52, मॉइसनाइटची सुमारे 3.2. प्रयोगशाळेतल्या मिथिलीन आयोडाइडच्या द्रवात हिरा बुडतो, मॉइसनाइट तरंगतं. दुकानातल्या यंत्राच्या दिव्यावर विसंबू नका. मोठी खरेदी असेल तर खडा कोंदणात बसवण्याआधीच प्रयोगशाळेत तपासून घ्या. जीआयए आणि आयजीआय या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत.

तुम्ही स्वतः बघायचा तो पृष्ठभाग. दहापट भिंगाखाली हिरा दिव्यासमोर हळूहळू कलता करा. चकाकी एकसारखी सरकली पाहिजे. मध्येच खड्डा, ओरखडा किंवा कडेपर्यंत आलेली भेग दिसली, तर भाव उतरला पाहिजे. हिरा कितीही कठीण असला तरी भेगेवर ताण आला की तडकतो, आणि खडा बसवताना कोंदणाच्या नखांचा दाब तिथेच येतो. कड झाकणारं बंद कोंदण अधिक सुरक्षित. मण्यांत भोकाच्या कडा तुटलेल्या नाहीत ना, ते बघा. अल्ट्रासॉनिक यंत्रात असा दागिना धुऊ देऊ नका.

लिलावातल्या किमतींनी भुलू नका. 2022 मध्ये लंडनला ‘द एनिग्मा’ हा 555.55 कॅरटचा काळा हिरा 31 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. तो दुर्मीळ कार्बोनाडो जातीचा आणि अवाढव्य होता; त्यावरून मंगळसूत्रातल्या मण्यांचा हिशेब मांडता येत नाही.

प्रक्रिया केलेला हिरा आवडला, परवडला, तर जरूर घ्या, फक्त त्याच्याच भावाने. पक्क्या पावतीवर सोन्याचं वजन वेगळं, हिऱ्यांचं कॅरटमधलं वजन वेगळं, रंगावरची प्रक्रिया आणि परत घेण्याची अट लिहून मागा. एवढं लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला, तर सरळ दुसरं दुकान गाठा.