फक्त प्रदर्शनासाठी

एखादी वस्तू परवडत नाही म्हणून घेता येत नाही, हे आपल्याला समजतं. आपल्यापैकी बहुतेकांचा संसार याच समजुतीवर चाललेला असतो. पण वस्तू परवडते, पैसे खिशात आहेत, दुकान उघडं आहे, वस्तू काचेआड डोळ्यांसमोर दिसते आहे आणि तरीही दुकानदार ती देत नाही, हा अनुभव जरा चमत्कारिक म्हटला पाहिजे. आज मी अशाच एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती म्हणजे महागडं स्विस मनगटी घड्याळ.

तुम्ही म्हणाल, कवीला या घड्याळांशी काय करायचं आहे? प्रश्न रास्त आहे. माझं स्वतःचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, यापलीकडे त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. पण श्रीमंतांच्या दुकानातली ही अडवणूक नीट पाहिली, तर विकणारा आणि घेणारा यांच्यातला एक जुनाच व्यवहार तिथे नव्या कपड्यांत उभा असलेला दिसतो. तो व्यवहार तुमच्या-माझ्याही चांगला ओळखीचा आहे.

आधी थोडा इतिहास. रोलेक्स कंपनीची सुरुवात १९०५ साली लंडनमध्ये झाली. हान्स विल्सडॉर्फ हे तिचे संस्थापक. पुढे तिचं बिऱ्हाड स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात गेलं. या कंपनीने १९६३ साली मोटारींच्या शर्यतीत वेळ मोजता येईल असं एक घड्याळ बाजारात आणलं. त्याचं नाव ‘डेटोना’. आज ज्या घड्याळासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, ते हेच. गंमत अशी, की सुरुवातीला त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. ते दुकानांतून पडून राहत असे. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांना शर्यतींचा शौक होता. त्यांच्या पत्नीने त्यांना असं एक घड्याळ भेट दिलं होतं. तेच घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. मधल्या काळात घड्याळाच्या पोटातली यंत्रणा काही एवढी सुधारली नव्हती. सुधारला होता तो त्याचा लौकिक.

तसं पाहिलं तर या सगळ्या घड्याळांचा अवतार १९७०च्या दशकातच संपायचा. जपानच्या सेको कंपनीने १९६९च्या नाताळात क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. ते चावीच्या घड्याळापेक्षा अचूक होतं आणि थोड्याच वर्षांत अतिशय स्वस्त झालं. स्वित्झर्लंडमधले हजारो कारागीर बेकार झाले. वेळ दाखवण्याच्या कामात आपण हरलो, हे स्विस कारखानदारांच्या लक्षात आलं. मग त्यांनी घड्याळ हा दागिना केला, हुद्दा केला, वारसा केला. वेळ पाहायला दोनशे रुपयांचं घड्याळ पुरतं. दहा लाखांचं घड्याळ विकायचं, तर ते सगळ्यांना मिळत नाही ही गोष्ट फार कामाला येते.

आता विक्रीची रीत पाहू. रोलेक्ससारख्या कंपन्या आपला माल प्रामुख्याने अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकतात. किंमत कंपनीच्या छापील यादीप्रमाणे. कोणत्या विक्रेत्याला कोणती घड्याळं किती द्यायची, तेही कंपनीच ठरवते. या वाटपाला त्या धंद्यात ‘अलोकेशन’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं. आमच्या लहानपणी रेशनच्या दुकानात रॉकेलचं अलोकेशन येत असे. हातात डबा घेऊन उभे राहिलेले आम्ही आणि वातानुकूलित दालनात कॉफी पीत बसलेले हे लोक एकाच शब्दाच्या रांगेत असतील, असं कधी वाटलं नव्हतं.

आलेल्या मालात काही घड्याळं अशी असतात, की ती छापील किमतीला घेऊन कोणी बाहेर पडला तर पुढच्या चौकात त्याला जास्त पैसे मिळतात. पोलादी डेटोना हे त्यातलं ठळक उदाहरण. काही घड्याळं मात्र महिनोन्‌महिने कपाटात बसून राहतात. विक्रेत्याला दोन्ही विकायची असतात. मागणी असलेल्या घड्याळाची किंमत वाढवायची त्याला मुभा नसते. मग त्याच्या हातात एकच गोष्ट उरते: ते घड्याळ कोणाला द्यायचं हे ठरवणं. इथूनच सगळा खेळ सुरू होतो. काचेआड ठेवलेल्या घड्याळाजवळ ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी नम्र पाटी असते. बघा, हातात घालून पाहा, पण न्यायचं नाही.

माझा एक भाचा व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. समुद्रावर पंचवीस वर्षं पुरी झाली, तेव्हा स्वतःसाठी एक चांगलं पोलादी घड्याळ घ्यावं असं त्याच्या मनात आलं. कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या दुकानातून, हे मी सांगत नाही. त्याची गरजही नाही. दुकानात स्वागत उत्तम झालं. विक्रेत्याने नाव आणि फोन नंबर घेतला, ‘तुमची इच्छा नोंदवली आहे’ असं सांगितलं. पावती नाही, अनामत नाही, क्रमांकही नाही. भाच्याने दीड वर्ष निरनिराळ्या बंदरांतून फोन केले. उत्तर दर वेळी गोड आणि एकच. शेवटी विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितलं, ‘सर, आमच्याकडे तुमची खरेदी काहीच नाही. थोडी ओळख वाढली तर बरं होईल.’ ओळख वाढवायची म्हणजे काय, ते त्याने कपाटातल्या एका हिरेजडित लेडीज घड्याळाकडे पाहून सुचवलं. भाच्याने ते घेतलं. चार लाख रुपये मोजले. त्याच्या बायकोला ते मुळीच आवडलं नाही. पुढच्या सुटीत तो परत दुकानात गेला, तर तो विक्रेता नोकरी सोडून गेलेला. त्याच्या जागी आलेल्या मुलाने संगणकात पाहिलं आणि विचारलं, ‘तुम्ही कोणत्या मॉडेलसाठी इच्छुक आहात?’

भाचा मला म्हणाला, ‘मामू, जहाजावर तेलाचा हिशेब लॉगबुकात लिहावा लागतो. इथे माझ्या दीड वर्षाची नोंद नाही.’

त्याच आठवड्यात एका दलालाने त्याला तेच मॉडेल दाखवलं. न वापरलेलं, कागदपत्रांसह, दोन दिवसांत घरपोच; किंमत मात्र छापील किमतीच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे घड्याळ बाजारात होतं. कोणाला तरी ते छापील किमतीला मिळालं होतं आणि त्याने ते हातात न घालताच पुढे सरकवलं होतं. भाच्याने तो नाद सोडला आणि दुसऱ्या कंपनीचं, दुकानात सहज मिळणारं घड्याळ घेतलं. पैशांचं त्याला फार वाटलं नाही. ‘त्यांनी मला तोलून पाहिलं, मामू,’ हे त्याचं शब्द होते, आणि तेच मला लागले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विक्रेते म्हणतात, पहिल्या येणाऱ्याला घड्याळ दिलं तर ते संध्याकाळपर्यंत दलालाकडे जाईल. माल तसा फिरला तर कंपनी आम्हाला जाब विचारते. म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकाला देतो. यात तथ्य आहे. रोलेक्सनेही २०२१ साली जाहीर खुलासा केला, की टंचाई हे आपलं धोरण नाही. दर्जा राखून जेवढं बनवता येतं, तेवढंच बनवतो. कंपनीने स्वित्झर्लंडमध्येच ब्यूल या गावी नवा कारखाना उभारायचं जाहीर केलं असून तो २०२९ मध्ये सुरू करण्याची योजना आहे. कसबी कारागीर तयार व्हायला वर्षं लागतात, हेही खरंच आहे.

तरी एक प्रश्न उरतोच. वस्तू थोडी आणि मागणारे फार, अशी स्थिती आली की निवाडा तीनच प्रकारे होतो: किमतीने, रांगेने किंवा मर्जीने. लिलाव म्हणजे किमतीने केलेला निवाडा. पाटेक फिलिप कंपनीने २०२१ च्या अखेरीस ‘नॉटिलस’ या गाजलेल्या घड्याळाची टिफनी या पेढीसाठी निळ्या तबकडीची १७० नगांची खास आवृत्ती काढली. छापील किंमत सुमारे ५२ हजार डॉलर. त्यातलं एक घड्याळ धर्मादाय कामासाठी लिलावात ठेवलं, ते सुमारे ६५ लाख डॉलरना गेलं. डोकं चक्रावतं, पण नियम सर्वांना माहीत होता: जो जास्त बोलेल त्याचं.

रांगेचा निवाडा आपल्या पिढीने पाहिला आहे. परवाना पद्धतीच्या काळात कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या, ते सरकार ठरवत असे. स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबत. आमच्या अब्बांनी नोंदणीचा कागद लोखंडी ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता. त्यावर क्रमांक होता. त्या रांगेतही वशिला चाले, परदेशी चलन मोजणाऱ्याला गाडी लवकर मिळे, ‘ऑन’चे पैसे चालत. मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. पण अब्बांचा क्रमांक अब्बांचा होता. कोणी रांग मोडून पुढे गेला, तर तो अन्याय आहे असं म्हणायला हातात एक कागद होता.

मर्जीच्या निवाड्यात हा कागदच नसतो. आपण कितवे आहोत ते कळत नाही, काय केल्याने पुढे सरकू ते कोणी लिहून देत नाही, आणि नाकारलं तरी ‘नाही’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. त्यामुळे तक्रारही करता येत नाही. माणूस आपलाच दोष शोधत बसतो: मी चांगले कपडे घालून गेलो नाही का? फार वेळा फोन केला का? खरेदीला आलेला माणूस उमेदवार होऊन परत जातो.

या मर्जीला आळा बसावा असे काही प्रयत्नही झाले आहेत. फ्रान्समध्ये स्पर्धा नियामक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये रोलेक्सला ९ कोटी १६ लाख युरोंचा दंड केला. विक्रेत्यांना इंटरनेटवरून घड्याळं विकायला मनाई केली, हा त्यातला आक्षेप होता. रोलेक्सने स्वतःही २०२२ च्या अखेरीपासून जुन्या घड्याळांची तपासणी करून, हमीसह ती अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकण्याची सोय सुरू केली. जुन्या घड्याळांच्या बाजाराने आपलं रूपही दाखवलं आहे. करोनाच्या काळात तिथले भाव आकाशाला भिडले, २०२२च्या वसंतानंतर ते खाली आले. गुंतवणूक म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या अनेकांचे हात पोळले.

आपल्याकडे आता एक नवा बदल होतो आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरची जकात टप्प्याटप्प्याने उतरत जायची आहे. किंमत थोडी कमी होईल, हे चांगलंच. पण स्वित्झर्लंडमधून येणारे नग त्याने वाढत नाहीत. भाव उतरला आणि माल तेवढाच राहिला, तर मागणारे वाढतात. तेव्हा जकात गेली म्हणून वाट पाहणंही जाईल, या भ्रमात राहू नये.

ज्यांना असं घड्याळ घ्यायचंच आहे, त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. नाव नोंदवलं तर मॉडेल आणि तारीख यांसह नोंद झाल्याचं लेखी मागून घ्यावं. साधा ईमेलही चालेल. आपली ओळख एका विक्रेत्याशी न ठेवता दुकानाच्या व्यवस्थापकाशी ठेवावी. नको असलेली वस्तू पुढच्या आशेवर घेऊ नये. घेतलीच तर ती त्या वस्तूसाठी घेतली, असं समजून चालावं. दलालाकडून घेताना बिल आणि हमीचं कार्ड यांवरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण नकली माल मुबलक आहे. आणखी एक: दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. ती रक्कम आपल्या आयकरात वळती करून घेता येते. त्यामुळे बिलाशिवायच्या सौद्याला भुलू नये.

आणि ज्यांना असं घड्याळ कधीच घ्यायचं नाही, अशा माझ्यासारख्यांनी हे सगळं कशासाठी ऐकायचं? कारण मर्जीचं हे दुकान घड्याळापुरतं राहत नाही. शाळेतला प्रवेश, भाड्याचं घर, इस्पितळातली खाट, अशा कितीतरी ठिकाणी आपण ‘तुमचं नाव नोंदवलं आहे’ हे वाक्य ऐकून घरी येतो. तिथे आपल्याला दुसऱ्या कंपनीचं घड्याळ घेण्याची सोय नसते. म्हणून विचारायची सवय लावून घ्यावी: माझा क्रमांक कितवा, नियम कोणता, आणि तो कुठे लिहिला आहे? विचारणाऱ्याला लगेच काही मिळेलच असं नाही. पण समोरच्यालाही उत्तर शोधावं लागतं, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा थोडा उपयोग होतो.