नकाशावर टाचलेलं विमान

खोकं लांबट असतं आणि उचलल्याबरोबर वाटतं, आत काहीतरी भरायचं राहून गेलंय. अमेरिकेतल्या सिग कंपनीच्या ‘कॅडेट सीनियर’ या रेडिओवर चालणाऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 78 इंच, म्हणजे दोन मीटरला थोडा कमी. इंजिन, रेडिओ, चाकं असं सगळं बसवून उडायला तयार झालेलं विमान सहा-साडेसहा पौंडांचं, तीन किलोच्या आतलं. खोक्यात त्यातलं फक्त लाकूड, तारा-स्क्रूंची पुडी, एक पुस्तिका आणि घडी घातलेला नकाशा. बाल्साच्या पट्ट्या, बाल्साचे पातळ तक्ते, प्लायवूडचे थोडे तुकडे. विमान म्हणावं असं काहीच दिसत नाही. प्लॅस्टिकच्या मॉडेलांची सवय असलेल्या माणसाचा इथे हिरमोड होतो.

खरा माल नकाशात आहे. तो प्रत्यक्ष मापाचा असतो; कागदावर जेवढी फासळी, तेवढीच लाकडाची. तो सपाट फळीवर पसरायचा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालायचं म्हणजे गोंद कागदाला धरत नाही, आणि रेघेवर लाकूड ठेवून टाचण्यांनी पक्कं करायचं. आधी खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी. तिच्यावर एकेक फासळी गुण्या लावून काटकोनात उभी करायची. मग वरचा स्पार, पुढची कड, मागची कड. काही संध्याकाळींनंतर कागदावरची रेघ फळीवर उभी राहिलेली दिसते.

पंखाचा तळ सपाट असतो, तो फळीवरच्या या जुळणीसाठीसुद्धा. सपाट तळाच्या पंखांमधला सगळ्यात नावाजलेला आकार म्हणजे क्लार्क-वाय. अमेरिकी लष्करी अभियंता व्हर्जिनियस क्लार्क यांनी तो 1922 साली काढला आणि 1927 साली वैमानिक लिंडबर्ग ज्या विमानातून अटलांटिक पार करून गेला, त्याचा पंखही याच आकाराचा होता. कमी वेगातही तो नीट उचल देतो, हे पुस्तकांत सापडतं. पण फासळीचा तळ सरळ असला की ती फळीवर आपसूक बसते, खाली ठोकळे देऊन तोलावी लागत नाही, हे ज्याने पंख जुळवलाय त्यालाच जाणवतं. शिकाऊ माणसासाठी विमान काढणाऱ्याला त्याच्या उडवण्याइतकीच त्याच्या बांधण्याचीही काळजी घ्यावी लागते. कॅडेट मालिका काढणारे क्लॉड मॅकलॉ यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती, असं त्यांचं काम पाहून मला वाटतं.

सिग कंपनी आयोवा राज्यातल्या मॉन्टेझुमा या लहानशा गावची, मक्याच्या शेतांमधली. ग्लेन सिगाफूस यांनी 1951 मध्ये बाल्सा लाकूड विकण्यापासून सुरुवात केली. पत्नी हेझल स्वतः कसरतीची विमानं उडवायच्या. ग्लेन यांच्या निधनानंतर कंपनी त्यांनीच चालवली. आधी लाकूड, मग किट, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण किटची प्रत नकाशाइतकीच लाकूड निवडणाऱ्याच्या हातावर ठरते.

बाल्सा इतकं लहरी लाकूड दुसरं नसेल. तीन इंच रुंद, 36 इंच लांब आणि 3/32 इंच जाडीचा एक तक्ता घ्या. हलक्या झाडाचा असला तर तो 16 ग्रॅम भरेल. तेवढ्याच मापाचा, दिसायला तसाच, पण जड झाडाचा असला तर 32. दोघांची किंमत तीच. शिवाय एकाच ओंडक्यातून कोणत्या दिशेने कापला, यावरही स्वभाव बदलतो. एका दिशेने कापलेला तक्ता नळीसारखा वळतो, तो पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला उत्तम. दुसऱ्या दिशेच्या तक्त्यावर चकाकते ठिपके दिसतात; तो वाकवायला गेलात तर मोडेल पण वळणार नाही, म्हणून फासळ्यांसाठी तोच हवा. जुने बांधणारे किट उघडलं की आधी काटा काढतात. प्रत्येक तक्ता तोलून पेन्सिलीने वजन लिहायचं, जड ते पुढे, हलकं ते शेपटीकडे. शेपटीतला एक ग्रॅम सावरायला नाकात साधारण तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं, कारण गुरुत्वमध्यापासून शेपटी लांब आणि नाक जवळ. म्हणजे शेपटीत निष्काळजीपणाने खर्चलेले दहा ग्रॅम शेवटी चाळीस होऊन बसतात.

हे झाड इक्वेडोरच्या ओल्या जंगलातलं, सहा-सात वर्षांत तोडणीला येणारं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानाचं धड बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं. आज मात्र बाल्साचं मोठं गिऱ्हाईक पवनचक्क्या. त्यांच्या पात्यांच्या पोटात हेच लाकूड असतं. 2020 च्या सुमारास चीनमधून मागणी एवढी वाढली की इक्वेडोरमध्ये आदिवासींच्या जंगलांतली झाडंसुद्धा तोडली गेली आणि जगभरच्या छंदी लोकांना तक्ता मिळेनासा झाला. स्वच्छ विजेचा हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही, पण तो लेख वेगळा.

पुन्हा फळीकडे येऊ. वरचा आणि खालचा स्पार जोडणारा बाल्साचा पडदा, ज्याला शिअर वेब म्हणतात, हा पंखातला मला सगळ्यात आवडणारा भाग. विमान जोरात वर खेचलं की पंख वर वाकू पाहतो. वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोन सुट्या पट्ट्या हे फार काळ सोसत नाहीत. त्यांच्या मध्ये, फासळी ते फासळी, लाकडाचे तंतू उभे ठेवून पातळ तुकडे चिकटवले की दोघांचा मिळून एक तुळईसारखा घट्ट अवयव होतो. तंतू आडवे ठेवले तर हा पडदा असून नसल्यासारखा. तुकडा तोच, गोंद तोच, फक्त नव्वद अंशांचा फरक, आणि नंतर वरून आवरण चढलं की आत काय केलंय ते कोणाला दिसतही नाही.

गोंदाचं शास्त्र वेगळं आहे आणि त्यावर मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला फेविक्विक म्हणतात तो प्रकार, सांध्यात आपोआप शिरतो आणि क्षणात धरतो. पण फट असेल तर तो ती भरत नाही. म्हणून सांधा आधी कोरडा जुळवून, घासून, फट मिटवूनच गोंद. तो हवेतल्या ओलाव्याने आवळतो, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात फारच घाई करतो. पांढरा फेव्हिकॉल वेळ देतो, घट्ट धरतो, पण वाळल्यावर रबरासारखा राहतो आणि पॉलिश पेपरला दाद देत नाही. लाकूड झिजतं, गोंदाची रेघ मात्र उंच राहते. इंजिन ज्या प्लायवूडच्या भिंतीवर बसतं तिथे आणि पंखाचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे एपॉक्सी, यावर मात्र मतभेद नाहीत.

ते दोन अर्धे सरळ रेषेत जोडत नाहीत. दोन्ही टोकं वर उचललेली असतात आणि मधला कोन प्लायवूडच्या पट्टीने कायमचा बांधलेला असतो. हा डायहेड्रल. विमान एका बाजूला कललं की त्याच बाजूला ते घसरू लागतं. घसरताना खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, त्याची उचल वाढते आणि विमान आपणहून सरळ होतं. मूळच्या कॅडेट सीनियरला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखाच्या मागच्या कडेचे हलते पट्टे, नव्हतेच. सुकाणू वळवलं की नाक फिरायचं, पुढे गेलेल्या पंखाची उचल वाढायची आणि विमान कलून वळायचं. नवशिक्या गोंधळला की त्याने रिमोटच्या काड्यांवरून बोटं काढायची. पुरेशी उंची असेल तर बाकीचं पंख बघतो. शिवाय पंखाचं क्षेत्रफळ 1150 चौरस इंच, त्यामुळे एका चौरस मीटरवर चार किलोंहूनही कमी भार पडतो. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेस्ना 172 मध्ये हाच आकडा 70 किलोंच्या आसपास आहे. हिशोब केला तर कॅडेट ताशी पंचवीसेक किलोमीटरलासुद्धा हवेत टिकेल, म्हणजे सायकलवाला जोर लावून त्याच्यासोबत जाऊ शकेल. विचार करायला वेळ मिळतो तो या वजनामुळे, आणि म्हणून बांधताना ग्रॅमची एवढी कंजुषी.

सांगाडा तयार झाला की घासणं. लांब सरळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून सगळ्या फासळ्या एकदम घासायच्या, एकेक नव्हे. नाहीतर प्रत्येकीची उंची वेगळी होते. गॅलरीभर पांढरट पीठ उडतं आणि घरात या छंदाला होणारा विरोध बहुधा इथून सुरू होतो. मग आवरण. पूर्वी पातळ कागद चिकटवून त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं द्रावण लावत. आता रंगीत फिल्म येते, पाठीला गोंद लावलेली, इस्त्रीने चिकटणारी आणि उष्णतेने आवळणारी. सुरकुत्या डोळ्यांदेखत जातात, तेव्हा फार समाधान वाटतं. पण ती आवळताना पंख पिळूही शकते. पंख फळीवर ठेवून एक कोपरा अधांतरी राहिला, तर त्याला उलटा पीळ देऊन पुन्हा इस्त्री फिरवायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. पंख पिळलेला असेल तर विमान सतत एका बाजूला जात राहणार. रिमोटवरचं ट्रिम ते झाकू शकतं, बरं करू शकत नाही.

रेडिओचा भाग आता इतका सोपा झालाय की त्यावर थोडक्यात आटोपतो. वॉल्टर आणि विल्यम गुड या मिशिगनमधल्या कलामझूच्या जुळ्या भावांनी 1937 मध्ये रेडिओने चालणारं ‘गफ’ उडवलं. एक विमानांत मुरलेला, दुसरा हॅम रेडिओत. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतर बरीच वर्षं लोकांना एकच बटण होतं. पिळलेल्या रबराच्या ताकदीने सुकाणू हलायचं आणि किती वेळा दाबलं यावर डावं-उजवं ठरायचं. पुढे अनेक चॅनेल आले, पण दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली तर एकाचं विमान हमखास जमिनीत. म्हणून मैदानावर एक फळा असे आणि ज्याच्याकडे त्या फ्रिक्वेन्सीचा कपड्यांचा चिमटा, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. 2.4 गिगाहर्ट्झचे संच आले आणि गेल्या वीसेक वर्षांत ते चिमटे पुन्हा दोरीवर गेले.

किटचा धंदा मात्र रेडिओमुळे नव्हे, तयार विमानांमुळे खचला. आवरणासकट जुळवलेलं, एका संध्याकाळी उडण्याजोगं होणारं विमान किट, फिल्म आणि गोंद यांच्या एकत्रित किमतीपेक्षा स्वस्त मिळू लागल्यावर किट कोण घेणार? ग्रेट प्लेन्स हा मोठा ब्रँड ज्या हॉबिको कंपनीचा होता, ती 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तयार विमान घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला उडवायचंय, सुतारकाम करायचं नाही. पण त्याला आपल्या विमानात आत काय आहे ते माहीत नसतं, आणि ही उणीव पहिल्या आपटीनंतर कळते.

आपल्याकडे हा छंद अनेकांच्या ओळखीचा झाला तो एनसीसीच्या हवाई विभागामुळे. कॅडेटांना एअरोमॉडेलिंग शिकवलं जातं, वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, आणि बाल्साचा तक्ता आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेली कितीतरी मराठी मुलं तिथलीच. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता बहुतेक फोम किंवा कोरोप्लास्टवर काम करतात. बाहेरून येणारा बाल्सा त्यांच्या खिशाला परवडत नाही आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री फोम लवकर चिकटतो. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे: 25 किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा मौजेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं. अडचण मोकळ्या आभाळाची आहे. पुण्यात लोहगाव, मुंबईत सांताक्रूझ; विमानतळांभोवतीचे निर्बंध सांभाळून मैदान शोधायचं तर गाडी काढून शहराबाहेरच जावं लागतं.

अलीकडे लेझरने लाकूड कापणारी छोटी वर्कशॉप निघाली आहेत. ती जुन्या नकाशांवरून फासळ्या आणि फ्रेम तेवढ्या कापून देतात. सरळ पट्ट्या आणि तक्ते आपले आपण आणायचे. लेझरचा काप इतका नेमका असतो की कुसू खाचेत गोंदाशिवाय उभा राहतो, फक्त कडेला जळकी काळी रेघ राहते, ती घासून काढावी लागते. लाकूड निवडायचं काम मात्र मशिनला अजून जमलेलं नाही.

आणि आपटी सगळ्यांच्याच नशिबी असते. लाकडी पंख मोडला की आवरण कापून आत पाहायचं. फासळ्या नकाशावरून पुन्हा कापता येतात. स्पार मोडला असेल तर दोन्ही टोकांना तिरका छेद द्यायचा, जाडीच्या आठ-दहा पट लांब. त्याच कोनाचा नवा तुकडा मध्ये बसवायचा आणि शिअर वेबचे उभे तुकडे पुन्हा घालायचे. सांध्याला आखूड छेद देऊन भागत नाही, पुढच्या खेपेला तो नेमका तिथेच उघडतो. दुरुस्तीमुळे ती बाजू थोडी जड होते. म्हणून विमान नाक आणि शेपटी यांवर तोलून पाहायचं, आणि जो पंख वर राहील त्याच्या टोकात एक छोटा खिळा खुपसून द्यायचा.