उजेडातला सामना, अंधारातला सिनेमा

मोठा टीव्ही घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानात आधी किती इंची ते विचारतं आणि मग फोर-के घ्यावा की एट-के, यावर येऊन थांबतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ५५ ऐवजी ६५ इंचीचा विचार करणं थोडं सोपं झालं आहे. तो विचार जरूर करावा, पण वाचलेले पैसे पिक्सेल वाढवण्यात घालू नयेत. घरात मुख्यतः क्रिकेट आणि सिनेमा बघायचा असेल, तर पडदा उजेड कसा सांभाळतो आणि हलतं चित्र किती स्वच्छ दाखवतो, यावर निवड व्हायला हवी.

आकाराचा प्रश्न टेपने सुटतो. बसायच्या जागेपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजावं. पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापला तर सिनेमात रमता येतं, हा रूढ हिशेब आहे. त्यानुसार आठ फुटांवरून ६५ इंची आणि दहा फुटांवरून ७५ इंची टीव्ही बेताचा ठरतो. इतक्या जवळून चित्र फुटेल, ही भीती जुन्या संचांच्या काळातली. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात आणि आठ फुटांवरून ते सुटे दिसत नाहीत. मग सुमारे ३ कोटी ३२ लाख पिक्सेलच्या एट-केने त्याच अंतरावर काय वेगळं दाखवायचं? पुढे उपयोगी पडेल, हा युक्तिवादही टिकत नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ रोजी एट-के वाहिनी सुरू केली, पण आपल्याकडे सामने अजून एचडीत आणि फार तर फोर-केमध्येच दिसतात.

खरा पेच उजेडाचा आहे. कसोटी सामना दुपारी रंगात येतो तेव्हा हॉलमध्ये ऊन असतं, सिनेमा आपण दिवे मालवून बघतो, आणि टीव्ही मात्र एकच असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून रात्रीच्या दृश्यातला काळोख खरोखर काळा दिसतो. एलईडी म्हणून विकला जाणारा साधा संच मुळात एलसीडीच असतो. त्याच्या पडद्यामागे दिवे असतात आणि तेवढ्याने काळ्याचा राखाडी होतो. क्यूएलईडी हाही एलसीडीच, त्यात रंग सुधारतात इतकंच. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, ते गटागटाने मंद करता येतात. काळ्या पडद्यावर पांढरी श्रेयनामावली सरकताना अक्षरांभोवती पुसटसं वलय उरतं, पण प्रखरता भरपूर मिळते.

सिनेमासाठी ओएलईडीला तोड नाही, मग तोच का घेऊ नये, असा आक्षेप येईल. रात्रीच आणि अंधारातच बघणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. पण उजेडी हॉलमध्ये त्याचा तो खराखुरा काळा रंग खिडकीच्या प्रतिबिंबात हरवतो. शिवाय पाच-पाच दिवस एकाच जागी राहणारी धावफलकाची पट्टी ओएलईडीवर कायमचा ठसा उमटवू शकते. नव्या संचांत त्यावर उपाय केलेले आहेत. धोका त्यामुळे कमी झाला आहे, संपलेला नाही. बहुतेक मराठी घरांत टीव्ही हॉलमध्येच असतो आणि दिवसभर चालतो, तिथे मी चांगल्या मिनी-एलईडीच्या बाजूने कौल देईन.

आता वेग. ताशी १४० किलोमीटरने सुटलेला चेंडू, सेकंदाला ५० चित्रं धरली तर, दोन चित्रांच्या मध्ये जवळपास ७८ सेंटिमीटर पुढे सरकतो. पॅनेल मंद असेल तर चेंडूमागे शेपटी दिसते. सिनेमाचा हिशेब वेगळा, तो सेकंदाला २४ चित्रांचा. सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणाऱ्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं, म्हणून कॅमेरा संथपणे फिरताना दृश्य अडखळतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र नेमकं पाचदा बसतं. म्हणून खऱ्या १२० हर्ट्झच्या पॅनेलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. खोक्यावर ‘मोशन’ या शब्दापुढे छापलेला मोठा आकडा म्हणजे पॅनेलचा वेग नव्हे, खरा वेग तपशिलाच्या पानावर शोधावा. मधली चित्रं स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय सामन्यात चालून जाते. सिनेमा मात्र तिच्यामुळे मालिकेसारखा दिसू लागतो. अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून ती बंद करायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

पातळ टीव्हीचा आवाजही पातळच असतो, तेव्हा साउंडबारपुरते पैसे बाजूला ठेवा. दुकानात संच भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात. विक्रेत्याला मूव्ही मोड लावायला सांगा, कंपनीच्या चकचकीत चित्रफितीऐवजी चालू सामना आणि एखादं अंधारं दृश्य मागा, आणि पडद्याच्या बाजूला उभं राहूनही बघा. एवढं दाखवायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडे पैसे भरू नका.