तिसऱ्या फेरीसाठी भात

पहाटे 5.15. बॉक्सिंगच्या मुली मैदानावर जमतात. वॉर्म-अपआधी माझा प्रश्न ठरलेला असतो, "पोटात काय आहे?" रात्रभरात यकृतातली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, बरीच उतरलेली असते. आज 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या आहेत, म्हणून एक केळं किंवा दोन-तीन खजूर खाऊनच यायचं. नुसतं सावकाश पळायचं असेल त्या दिवशी रिकाम्या पोटी आलं तरी हरकत नाही.

सकाळी 7.30. डबे उघडतात. दोन वाट्या पोहे, केळं, पेलाभर दूध आणि दोन अंडी. यातून जवळजवळ 90 ग्रॅम कर्बोदकं मिळतात. 57 किलो गटातल्या मुलीचा दोन वेळचा सराव असेल, तर तिला दर किलो वजनामागे सहा ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण 340 ग्रॅम लागतात. नाश्ता टाळला की ही भरपाई पुढे दिवसभरात होत नाही.

सकाळी 10. एका मुलीची आई भेटायला आली. "सर, स्पर्धा जवळ आलीय ना, म्हणून भात-पोळी बंद केली तिची. चार दिवसांत दीड किलो उतरलं बघा." माऊलीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिला बसवून सगळं नीट सांगितलं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जेवणातून कर्बोदकं गेली की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं, चरबी मात्र जवळपास तिथंच असते.

आणि हा साठाच तर रिंगमध्ये कामाला येतो. लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. ठोशांची सरबत्ती करताना स्नायूंना ऊर्जा तत्काळ हवी असते. चरबीतून ती तेवढ्या वेगाने मिळत नाही. त्यातही मुलींच्या बाबतीत मला जास्त धास्ती वाटते. सराव जबर आणि खाणं अपुरं असं महिनोन्‌महिने चाललं, तर पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. पाळी चुकली तर लगेच कळवा, हे मी प्रत्येक आईला सांगतो. महागडे प्रोटीनचे डबे आणायचे आणि ताटातला भात काढून घ्यायचा, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. खरंच वजन उतरवायचं असेल तर स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून तेल, तळलेलं, गोडधोड कमी करत हळूहळू उतरवावं.

दुपारी 1. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर भात, ताक. मग झोप.

दुपारी 4. सरावाला तासभर आहे. आता भाकरी-उसळ नको. तंतुमय पदार्थ पोटात रेंगाळतात आणि स्पारिंगमध्ये जड वाटतं. जॅम लावलेला ब्रेड किंवा मऊ उकडलेलं रताळं पुरे.

संध्याकाळी 5 ते 7. दोरीउड्या, शॅडो, बॅग, मग स्पारिंग. सकाळी जिच्याबद्दल बोलणं झालं ती मुलगीही आज रिंगमध्ये होती. पहिल्या फेरीत तिचा जॅब सुरेख सुटत होता. तिसरीत गार्ड खाली आला, पाय जागीच रुतले, समोरचीचा उजवा हात येताना दिसत असूनही डोकं हललं नाही. तिथंच थांबवलं. दमलेल्या मुलीला डोक्यावर मार खाऊ देणं म्हणजे सराव नव्हे.

संध्याकाळी 7.10. ग्लव्ह्ज उतरले की साखर-मीठ घातलेलं लिंबू सरबत आणि केळं. व्यायामानंतर लगेचच्या वेळेत स्नायू साखर झपाट्याने साठवून घेतात, आणि उद्या पहाटे पुन्हा सराव असेल तेव्हा ही वेळ वाया घालवणं परवडत नाही.

रात्री 8.30. आईचा फोन. वरण-भात, पालेभाजी, दही वाढलं होतं. मुलीने भात पुन्हा मागून घेतला म्हणाली. उद्या रविवार, सराव नाही. म्हणून भात-पोळी थोडी कमी, सकाळचं केळं नको. डाळ, अंडी, दही आहे तेवढंच. वजन सोमवारी पहाटे पोट साफ झाल्यावर करायचं, आणि भात सुरू केल्याने काटा किलोभर वर गेलेला दिसला तरी घाबरायचं नाही, हे दोनदा सांगून फोन ठेवला.