शिरा दिसतात, पण कुठे?

वय वाढले, वजन उतरले किंवा व्यायाम सुरू केला, की हातावरच्या हिरव्या-निळ्या शिरा ठळक दिसू लागतात. मग 'अंगात रक्तच उरले नाही' असे समजून टॉनिकच्या बाटल्या आणल्या जातात. पायावर दोरीसारख्या वळलेल्या शिरा मात्र 'दुखत नाहीत ना, मग राहू देत' म्हणून वर्षानुवर्षे सोडून दिल्या जातात. खरे तर काळजी हातापेक्षा पायाची करायला हवी.

त्वचेखाली दिसतात त्या नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरा. त्यांतले रक्त निळे नसते. ऑक्सिजन कमी असल्याने ते गडद लाल असते. प्रकाशातला लाल रंग त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतल्या रक्तात बराचसा शोषला जातो. निळा रंग मात्र वरच्या थरांतूनच परत फिरतो. त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत शीर निळसर भासते. त्वचा पातळ, वर्ण उजळ किंवा त्वचेखालची चरबी कमी असेल, तर शिरा अधिक दिसतात. उन्हाळ्यात आणि व्यायामानंतर त्या रुंदावतात. गरोदरपणात त्या स्तनांवरही दिसू लागतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. हात डोक्याच्या वर धरला की हातावरच्या शिरा सहसा सपाट होतात.

पायांचे गणित वेगळे आहे. तिथून रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढायचे असते. पोटऱ्यांचे स्नायू चालताना ते वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपा एकाच दिशेने रक्त जाऊ देतात, हे इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मधील ग्रंथात दंड बांधून, फुगलेल्या शिरांवर बोटे दाबून दाखवले होते. झडपा निकामी झाल्या, की रक्त खाली साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. हाच 'व्हेरिकोज व्हेन्स'चा त्रास. तासन् तास उभे राहणारे वाहतूक पोलीस, शिक्षक, स्वयंपाकी, केशकर्तन करणारे, तसेच गरोदर स्त्रिया, स्थूल व्यक्ती आणि घरात हा त्रास असलेले यांना त्याचा धोका जास्त.

संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याजवळ सूज, खाज ही सुरुवात असते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडते आणि साध्या खरचटण्याचीही चिघळणारी जखम होते. तिच्यावर हळद, पावडर, मलम लावत महिने जातात. पण आत साचलेल्या रक्ताचा दाब कमी झाल्याशिवाय ती सहसा भरून येत नाही. त्वचा काळवंडण्याआधीच डॉपलर सोनोग्राफी करून घेतली, तर हे टाळता येते. चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि झोपताना पाय उशीवर ठेवणे यांनी आराम पडतो. दाब देणारे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावेत. मधुमेह असल्यास किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गरजेनुसार लेसर वा शस्त्रक्रियेचाही पर्याय असतो.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ताठ बसल्यावरही मानेच्या शिरा फुगलेल्या राहणे हृदयाच्या आजाराचे लक्षण असू शकते. पोट फुगून त्यावर शिरा दिसू लागल्या, तर यकृत तपासावे.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर रुग्णाला लगेच आडवे करावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने जखम दाबून ठेवावी. वर घट्ट दोरी बांधू नये. रक्त थांबले, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.