नाव घेऊन बोलताना

हैदराबादेतील मराठी वस्ती म्हटली की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी ही नावे उभी राहतात. परंतु पुणे, नांदेड, लातूर, सोलापूर इकडून नोकरीसाठी येणारी आजची तरुण मंडळी बिऱ्हाड करतात ते कुकटपल्लीत, हाउसिंग बोर्ड कॉलनीच्या आसपास. तेथून हायटेक सिटी जवळ. आठवडाभर संगणकापुढे बसावयाचे आणि शनिवारी संध्याकाळी मित्रांसह एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन तेथेच तयार झालेली ताजी बीअर चाखावयाची, असा यांतील पुष्कळांचा क्रम झाला आहे. वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळावर येथे आठी पडेल, हे मी जाणतो. मद्यपानाची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. मला बोलावयाचे आहे ते त्यानंतर जे घडते त्याविषयी. घरी परतता परतता ही मंडळी त्या ठिकाणाचे नाव घेऊन चारचौघांत जाहीर निकाल देऊन टाकतात : ‘भिकार बीअर. कोणी जाऊ नका.’ हा निकाल हजारो लोक वाचतात. तो देण्याची काही रीत असावी की नाही?

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू. आपल्या देशातील अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक पुण्यात 2009 साली निघाली. तिचे नाव ‘डूलाली’. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत दिवस काढणाऱ्या गोऱ्या सोल्जरांना वेड लागे, म्हणून त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन इंग्रजीत ‘वेडा’ या अर्थी हा शब्द रुजला; तोच फिरून पुण्यास आला! तेलंगणात या व्यवसायाचे नियम 2015 साली झाले. कारखान्यातील बाटलीबंद बीअर लाखो लिटरांच्या हिशेबाने निघते आणि तिची प्रत्येक बाटली सारखी असते. येथे मात्र एका वेळी साधारण पाचशे ते हजार लिटरांचा घाणा, दोन-तीन आठवडे आंबविणे व मुरविणे, आणि हे सारे दोन-चार माणसांच्या हातून. सातूचे माल्ट, हॉप्स, यीस्ट व पाणी एवढीच सामग्री. विरजण लावणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे की तेच दूध, तेच भांडे असले तरी उन्हाळ्यातले दही आणि थंडीतले दही एक नसते. यीस्टचेही तसेच आहे. आंबण्याचे तापमान चढले-उतरले किंवा मुरण्यास पुरेसे दिवस मिळाले नाहीत, तर लोण्यासारखा वास राहून जातो. पिंपापासून तोटीपर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत, तर उत्तम बीअरही पेल्यात आंबट उतरते. म्हणजे दोष कधी बनविणाऱ्याचा, कधी वाढणाऱ्याचा.

आणि कधी पिणाऱ्याचा. गव्हाची बीअर गढूळच असते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, कोणी त्यात केळे कुस्करल्यामुळे नव्हे. काही प्रकार मुद्दाम आंबट केलेले असतात. हे ठाऊक नसता ‘बिघडलेला माल विकतात’ असे छापून मोकळे होणे म्हणजे कढीत आंबटपणा का, म्हणून स्वयंपाकघरात भांडण काढण्यासारखे आहे. ‘मला आवडली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; त्यास कोणत्याही ज्ञानाची अट नाही. ‘बिघडलेली होती’ हे मात्र विधान आहे, आणि विधान करणाऱ्याने ते तपासलेले असावे. तपासणे अवघडही नसते. वाढणाऱ्यास बोलावून शांतपणे सांगावे, दुसरा पेला मागावा, बनविणारा जागेवर असेल तर त्यास विचारावे. चांगला बनविणारा अशा वेळी स्वतः घोट घेऊन पाहतो. तो उद्धटपणे वागला तर तेही लिहावे. पण जे घडले तेच, आणि तारखेसह.

येथे एक विचित्र अडचण आहे. मद्याची उघड जाहिरात दूरचित्रवाणीवर करण्यास आपल्याकडे मनाई आहे. मोठ्या कंपन्या त्याच नावाचा सोडा किंवा पाणी दाखवून वेळ मारून नेतात. दोन-चार माणसांच्या छोट्या धंद्यास एवढे कोठून परवडावे? त्याची सारी भिस्त गिऱ्हाइकाच्या शब्दावर. तोच शब्द फिरला की भरलेले पिंप ओतून द्यावे लागते. म्हणून लहानावर टीका करूच नये असे नव्हे. पैसे लहानानेही पुरेच घेतलेले असतात, आणि पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही सावध होण्याचा हक्क आहे. परंतु जो मापदंड गल्लीतल्या नव्या धंद्यास लावावयाचा तोच मोठ्या नाममुद्रेसही लावण्याची हिंमत आपल्यात असावी. बहुधा उलटे होते. लहानाला झोडपतात, मोठ्याला विसरतात.

नाव घेऊन लिहिण्यातला धोका मराठी माणसाने पुरेपूर पाहिलेला आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघून जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे या बातमीने लोक अस्वस्थ होते, आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे असे दाखविणारी पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली. दोघेही 1856 साली जन्मलेले, ऐन पंचविशीतले. हेतू निर्मळ, आच खरी. त्यांनी मजकूर छापला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही जुलै 1882 मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले; आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले ते सर्वज्ञात आहे. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि आपण ही कथा सांगताना बहुधा तेथेच थांबतो. मला तीतील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. एवढ्या बुद्धिमान माणसांनाही संतापाच्या भरात हातातला कागद खरा वाटला.

कायदा आजही फारसा वेगळा नाही. भारतीय दंड संहितेचे कलम 499 जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आले, गाभा तोच. पुष्कळांची समजूत अशी की ‘खरे असले की झाले’. तसे नाही. फौजदारी कायद्यात विधान खरे असावे लागते आणि ते जाहीर करण्यात लोकहितही असावे लागते. दुसरीकडे, ज्याने आपली कृती लोकांच्या पसंतीसाठी पुढे मांडली, त्या कृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देण्यास कायद्याने मोकळीक दिली आहे. पुस्तक, नाटक, गायन ही त्याची नेहमीची उदाहरणे. बीअरच्या चवीविषयीचे प्रामाणिक मत त्याच जातीचे म्हणता येईल. बनविणाऱ्याच्या चारित्र्याविषयीचे नव्हे.

प्रश्न चवीचा नसून प्रकृतीचा असेल तेव्हा मात्र संकोच सोडावा. एप्रिल 2023 मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातील साखरेवर चित्रफीत काढली. कंपनीची नोटीस येताच त्याने ती मागे घेतली, माफीही मागितली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने त्यातील वरून घातलेली साखर सुमारे 14 टक्क्यांनी कमी केली. आपल्या हैदराबादचे उदाहरण तर याहून ठळक. बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ‘ओआरएस’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोड पेयांविरुद्ध आठ वर्षे बोलत राहिल्या, तेलंगणा उच्च न्यायालयातही गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असावे, त्याच्या कितीतरी पट साखर या पेयांत होती, आणि ती जुलाब झालेल्या मुलांना पाजली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव लावण्यास मनाई केली. या बाईंच्या बोलण्यात धार होती, पण तिच्यामागे आकडे होते. मायक्रोब्रुअरीत पेल्यात झुरळ निघाले, कोणास विषबाधा झाली, तर प्रथम अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी; मद्यपेयांनाही प्राधिकरणाची मानके लागू आहेत. मग नाव घेऊन अवश्य लिहावे.

आता आपल्या घरची गोष्ट. परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींत एक दोष हमखास आढळतो. दुकानदार ‘आपला’ असेल तर आपण त्याच्या तोंडावर गोड बोलतो आणि मंडळाच्या हळदीकुंकवात त्याची साल काढतो. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनींची चकली मऊ निघाली, हे सबंध कॉलनीस कळते. वहिनींना मात्र कळत नाही. त्या पुढच्या वर्षी तीच भाजणी दळून आणतात. आणि दुसरे टोक असे, की ताटभर फुकट फराळ मिळाला म्हणून मनातल्या शंका गिळून स्तुती लिहून द्यावयाची. फुकट पेला घेऊन केलेली वाखाणणी आणि रागाच्या भरात केलेली नालस्ती या दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही. गिऱ्हाइकांचे अभिप्राय गोळा करणाऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये मानकच काढले आहे. त्यात अभिप्राय विकत घेतलेले नसावेत, लिहिणारा खरा असावा, अशा अपेक्षा आहेत.

माझ्या परिचयातील एक जाणकार गृहस्थ एका भेटीवर कधीच नाव घेत नाहीत. ते दुसऱ्यांदा जातात, शक्यतो वेगळ्या वारी, आणि मगच लिहितात. काय प्यालो, केव्हा, कोणाबरोबर खात होतो, विचारल्यावर काय उत्तर मिळाले, एवढे चार-पाच ओळींत असते. पुढे सुधारणा दिसली तर जुना मजकूर खोडत नाहीत. त्याखाली नवी तारीख घालून तसे जोडतात. चकलीचे म्हणाल तर वहिनींना फोनच करावा. भाजणी कोणत्या गिरणीत दळली, मोहन किती घातले, हेही त्या सांगतील.